साल्पेत्रिएर रुग्णालयातील छायाचित्रण : डॉक्टर, छायाचित्रकार आणि मथळा

रुग्णालयाने आपल्या कामासाठी धंदेवाईक छायाचित्रकार नेमावा, ही गोष्ट आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. शस्त्रक्रियेपूर्वीचे व नंतरचे चित्र, एखाद्या दुर्मिळ व्याधीची नोंद, अध्यापनासाठी लागणारी चित्रमाला, संस्थेचा वार्षिक अहवाल, या सर्वांसाठी छायाचित्रकार बोलावला जातो, तो आपले काम करतो, मोबदला घेतो आणि निघून जातो. परंतु हा व्यवहार प्रथम सुरू झाला तेव्हा तो इतका सरळ नव्हता. बोलवायचे कोणाला, त्याला रोगाविषयी कितपत कळले पाहिजे, चित्र कोणत्या क्षणी घ्यायचे हे कोणी ठरवायचे आणि चित्राखाली काय लिहायचे याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नांची उत्तरे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या रुग्णालयांत अडखळत अडखळत शोधली गेली. ज्याचे चित्र घ्यायचे त्या रोग्याचे त्यात काही म्हणणे आहे काय, हा प्रश्न मात्र तेथे फारसा कोणी विचारलाच नाही.

छायाचित्रणाची कला १८३९ साली पॅरिसमध्येच जाहीर झाली आणि वैद्यकाने तिचा हात लगोलग धरला. आल्फ्रेद दोने याने सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या रक्तादी द्रवांची छायाचित्रे लेआँ फूको याच्या साहाय्याने घेतली आणि त्यांवरून खोदलेल्या आकृतींचा संग्रह १८४५ मध्ये प्रसिद्ध केला. पण रक्ताचा थेंब हा गरीब विषय होय. तो हलत नाही, लाजत नाही, आणि त्याला भाषा नसते. खरी अडचण उत्पन्न झाली ती काचेपुढे माणूस आला तेव्हा.

ही अडचण प्रथम ज्याने स्पष्ट शब्दांत मांडली तो दुशेन द बूलोन्य (१८०६–१८७५) हा डॉक्टर. चेहऱ्याच्या त्वचेवर विजेचे अग्र टेकवून एकेक स्नायू स्वतंत्रपणे आकुंचित करावयाचा आणि कोणत्या स्नायूमुळे कोणता भाव उमटतो ते ठरवावयाचे, असा त्याचा उद्योग होता. त्याच्या प्रयोगांचा प्रमुख विषय म्हणजे एक दंतहीन वृद्ध. त्याच्या चेहऱ्याची संवेदना जवळजवळ नष्ट झालेली असल्यामुळे विजेचा त्याला त्रास होत नसे. विजेने उठविलेला भाव क्षणभरच टिकतो. तो लेखणीने वर्णन करून पटणार नाही, हे ओळखून दुशेनने १८५२ नंतर काही नामांकित छायाचित्रकारांकडे धाव घेतली. ते प्रयत्न फसले. फसण्याचे त्याने दिलेले कारण मोठे मार्मिक आहे. छायाचित्रकाराचा हात कितीही कसलेला असला तरी जे त्याला नीट दिसतच नाही ते तो दुसऱ्याला दाखवू शकत नाही. कोणती सुरकुती महत्त्वाची आणि तिच्यावर उजेड कोणत्या बाजूने पडला पाहिजे हे कळण्यास स्नायूंचे ज्ञान हवे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. पुढे प्रसिद्ध छायाचित्रकार नादार याचा भाऊ आद्रियाँ तूर्नाशों याचे साहाय्य त्याने काही चित्रांसाठी घेतले खरे, तथापि अखेरीस त्याने ती कला स्वतःच आत्मसात केली, आणि १८६२ मध्ये मानवी मुखचर्येच्या यंत्रणेवरील आपला ग्रंथ प्रत्यक्ष छायाचित्रांनिशी प्रसिद्ध केला.

डॉक्टरने स्वतःच छायाचित्रकार व्हावे, हा झाला या प्रश्नावरील पहिला तोडगा. तो त्या काळी अनेकांनी काढला. इंग्लंडमध्ये सरे परगण्याच्या वेड्यांच्या इस्पितळातील डॉ. ह्यू वेल्श डायमंड याने आपल्या रोगिणींची चित्रे स्वतः घेतली आणि मनोविकारांच्या अभ्यासात छायाचित्रणाचा उपयोग काय यावर १८५६ मध्ये रॉयल सोसायटीपुढे निबंध ठेवला. आपल्या मुंबईतही १८५४ साली स्थापन झालेल्या फोटोग्राफिक सोसायटीच्या सभासदांत ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या काही पदवीधरांपैकी डॉ. भाऊ दाजी व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही होते, आणि नारायण दाजींचे नाव तर त्या काळच्या उत्तम छायाचित्रकारांत गणले जाते. वैद्यक आणि छायाचित्रण यांना जोडणारा दुवा बहुधा रसायनशास्त्राचा असावा. रसायने हाताळण्याची सवय ज्याला आहे त्याला काळ्या खोलीची भीती वाटत नाही.

परंतु हा तोडगा एकट्यादुकट्याच्या हौसेवर चालणारा होता. रुग्णालय ही संस्था त्यावर अवलंबून राहू शकत नव्हती. त्वग्रोगांसाठी विख्यात असलेल्या सें-लुई रुग्णालयात आल्फ्रेद हार्दी याने ही गोष्ट ओळखली. त्याने मोंमेजा या तरुण डॉक्टरकडून छायाचित्रणाचे काम करवून घेतले, आणि दोघांच्या नावाने १८६८ मध्ये त्या रुग्णालयाचा छायाचित्रसंग्रह बाहेर पडला. त्यातील चित्रे हाताने रंगविलेली होती, कारण त्वचेच्या रोगात रंग हेच अर्धे निदान असते. पुढील वर्षी पॅरिसच्या रुग्णालयांचे एक सचित्र वैद्यकीय मासिकही निघाले. त्याचे संपादन करताना मोंमेजाच्या जोडीला देझिरे-माग्लुआर बूर्नव्हिल हा डॉक्टर होता. या बूर्नव्हिलमुळेच प्रस्तुत कथेचे केंद्र सें-लुईहून साल्पेत्रिएरकडे सरकते.

साल्पेत्रिएर या नावाचा संबंध सोऱ्याशी आहे. तेथे पूर्वी बंदुकीच्या दारूचा कारखाना होता. १६५६ च्या राजाज्ञेनंतर त्या जागी निराधार, भिकारी, वृद्ध व वेड्या स्त्रियांचे आश्रयस्थान उभे राहिले. आश्रयस्थान म्हणावयाचे इतकेच. त्याचा बराचसा भाग तुरुंगासारखाच होता. जाँ-मार्तें शार्को (१८२५–१८९३) याने १८६२ मध्ये तेथील एका विभागाची सूत्रे हाती घेतली तेव्हा त्या आवारात सुमारे ५,००० जीव राहत होते. इतर डॉक्टर जेथे जाण्यास नाखूष असत तेथे शार्कोला व्याधींचे जिवंत संग्रहालय दिसले. तो उत्तम चित्रे काढी. रोग्याला पुढे उभे करून बराच वेळ नुसते पाहत राहणे ही त्याची पद्धत प्रसिद्धच आहे. कंपवात, मज्जारज्जूचे विकार, स्नायूंचा क्षय यांवरील त्याचे कार्य या पाहण्यातूनच निर्माण झाले. पुढे त्याचे लक्ष ‘हिस्टेरिया’ या व्याधीकडे वळले, आणि छायाचित्रकाराची खरी गरज तेथे भासू लागली.

बूर्नव्हिलने या गरजेची हकीकत आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत स्वतःच सांगितली आहे. अपस्मार व हिस्टेरिया यांचे झटके येत असताना रोगिणींची चित्रे घ्यावीत असे त्याच्या मनात आले. रुग्णालयात छायाचित्रकार नव्हता, म्हणून बाहेरचा बोलवावा लागे. निरोप जाई, छायाचित्रकार येई, आणि तो येईपर्यंत झटका ओसरलेला असे. दुशेनचा छायाचित्रकार डोळ्यात कमी पडला होता, बूर्नव्हिलचा वेळेत कमी पडला. या अनुभवावरून त्याने निष्कर्ष काढला की छायाचित्रण जाणणारा व हाक मारताच येणारा मनुष्य रुग्णालयाच्या आवारातच असला पाहिजे. १८७५ मध्ये पॉल रेन्यार हा शिकाऊ डॉक्टर म्हणून साल्पेत्रिएरमध्ये दाखल झाला. त्याला ही कला येत होती, त्याने उत्साहाने होकार दिला, आणि त्याच्या चित्रांचा प्रथम सुमारे शंभराचा एक संग्रह तयार झाला. शार्कोच्या उत्तेजनाने त्यातून पुढे ‘इकोनोग्राफी फोटोग्राफिक द ला साल्पेत्रिएर’ हा तीन खंडांचा ग्रंथ १८७६ ते १८८० या काळात प्रसिद्ध झाला.

बाहेरचा छायाचित्रकार उशिरा का पोचे, हे नीट समजण्यासाठी त्या काळचे तंत्र ध्यानात घ्यावे लागते. ओल्या कोलोडियनची पद्धत तेव्हा चालू होती. काचेवर कोलोडियनचा थर ओतायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच यंत्रात घालायची आणि सुकण्यापूर्वी काळ्या खोलीत नेऊन तिच्यावरील प्रतिमा प्रकट करायची, असे सारे काम काही मिनिटांत उरकावे लागे. त्यातही काचेवर प्रकाश पडू देण्याचा अवधी काही सेकंदांचा असे. म्हणजे छायाचित्रकार रोगिणीच्या उशाशी उभा असला तरी खऱ्याखुऱ्या आचक्यांचे चित्र त्याला घेता येत नसे. हातपाय झाडणाऱ्या देहाचा काचेवर नुसता धुरकट पट्टा उमटला असता. चित्र स्पष्ट येई ते फक्त स्थिर अवस्थेचे. आखडून राहिलेला हात, ताठरलेले शरीर, कोणत्याही स्थितीत ठेवले तरी तसेच राहणारे अवयव, आणि झटक्याच्या उत्तरार्धात रोगिणी जे हावभाव करून क्षणभर थांबे ते, एवढेच काचेच्या हाती लागण्यासारखे होते.

ही गोष्ट केवळ तांत्रिक नाही. ग्रंथ पाहणाऱ्याला या व्याधीचे जे रूप दिसते ते बव्हंशी या स्थिर अवस्थांचे बनलेले आहे. जे काचेवर येऊ शकत होते ते रोगाचे लक्षण म्हणून प्रतिष्ठित झाले, आणि जे येऊ शकत नव्हते ते पॉल रिशेच्या पेन्सिलीवर सोपविण्यात आले. रिशे हा डॉक्टर व कुशल चित्रकार होता. १८८१ च्या आपल्या ग्रंथात त्याने संपूर्ण झटक्याच्या अवस्था एका मोठ्या तक्त्यात क्रमवार रेखाटल्या. त्या तक्त्यातील शिस्त इतकी निर्दोष आहे की कोणताही रोगी इतका आज्ञाधारक असेल यावर विश्वास बसणे कठीण जाते.

आता मथळ्यांकडे वळू जाता एक वेगळीच गोष्ट नजरेस येते. ‘इकोनोग्राफी’ हा शब्दच मुळात प्रतिमांच्या वर्णनशास्त्राचा, आणि युरोपात त्याचा संबंध विशेषेकरून धार्मिक चित्रांशी राहिलेला. रेन्यारच्या चित्रांखाली जे शब्द छापले गेले त्यांत ‘समाधी’, ‘क्रूसारोहण’, ‘प्रेमाची विनवणी’, ‘हाक’, ‘धमकी’, ‘उपहास’ अशा अर्थाची फ्रेंच नामे आढळतात. ही सर्व नामे आहेत, क्रियापदे नव्हेत, हे लक्षणीय आहे. क्रियापदाला कर्ता लागतो आणि काळ लागतो: कोण हाक मारते, कोणाला, कधी? नामाला यांपैकी काहीच लागत नाही. ‘हाक’ असे नुसते म्हटले की हाक मारणारी व्यक्ती आणि जिला हाक मारली ती व्यक्ती, दोन्ही वाक्यातून गळून पडतात आणि उरतो तो व्याधीचा एक प्रकार. शिवाय यांपैकी निम्मे शब्द चर्चच्या भिंतींवरून आलेले आहेत. शार्को व रिशे यांनी १८८७ मध्ये कलेतील भूतबाधित व्यक्तींवर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले, आणि जुन्या चित्रांतील पछाडलेली माणसे वस्तुतः आपल्याच रोगिणी होत्या असे त्यात प्रतिपादिले. धर्माने ज्याला दैवी किंवा सैतानी म्हटले ते विज्ञानाने रोग ठरविले, परंतु शब्द मात्र जुनेच ठेवले.

या मथळ्यांचा भार ज्या मुलीच्या चित्रांवर सर्वांत अधिक पडला ती ग्रंथात ‘ओग्युस्तीन’ या नावाने येते. १८७५ मध्ये ती रुग्णालयात दाखल झाली तेव्हा तिचे बालपण नुकतेच संपत होते. दुसऱ्या खंडातील अत्यंत गाजलेली चित्रे तिचीच आहेत: बिछान्यावर पांढऱ्या वस्त्रात बसलेली, हात जोडलेली, दृष्टी वर लागलेली. बूर्नव्हिल हा निरीक्षणाच्या बाबतीत प्रामाणिक मनुष्य होता, हे त्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. झटक्याच्या भरात ती जे बोले ते त्याने पानेच्या पाने उतरवून घेतले आहे. त्या बोलण्यात एक पुरुष वारंवार येतो. आई ज्याच्या घरी चाकरीस होती त्या घराच्या धन्याने तिच्यावर कोवळ्या वयात केलेला बलात्कार, त्याने दाखविलेला वस्तरा, तिचा प्रतिकार, हे सर्व त्या मजकुरात आहे. बूर्नव्हिलने तिच्या पूर्ववृत्तांतही ते नोंदले आहे. पण पान उलटून चित्र पाहावे तर खाली एकच नाम. मजकुरातील वाक्ये चित्राखाली पोचलीच नाहीत. ज्या मुद्रेत एखाद्या वाचकाला भीती दिसली असती तिला मथळ्याने दुसरे नाव अगोदरच दिलेले आहे, आणि छापलेले नाव पुसून चित्र पाहणे फार थोड्यांना जमते.

मराठीत या ठिकाणी एक उपयुक्त भेद आहे. छायाचित्रकाराच्या दुकानी जाणारा मनुष्य फोटो ‘काढून घेतो’. या संयुक्त क्रियापदात त्याची इच्छा, त्याचा पैसा आणि त्याचा लाभ ही तिन्ही सामावलेली आहेत. तो चांगले कपडे घालतो, कोणत्या बाजूने चांगला दिसेन ते सांगतो, आणि प्रत पसंत पडली नाही तर तक्रार करतो. रुग्णालयातील रोग्याचा फोटो ‘काढला जातो’. येथे क्रियेचा लाभ दुसरीकडे जातो. छायाचित्रकाराला नेमणारा डॉक्टर, पैसे देणारी संस्था, प्रत पाहणारे विद्यार्थी. काचेपुढे बसलेली व्यक्ती या यादीत कोठेच नाही. काचेपुढची व्यक्ती या व्यवहाराच्या बाहेर असलीच पाहिजे असा काही नियम नव्हता, हे दुसऱ्या एका देशातील उदाहरणावरून दिसते. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या वेळी वॉशिंग्टनच्या सैनिकी वैद्यकीय संग्रहालयाने, जे १८६२ मध्ये स्थापन झाले होते, १८६५ साली विल्यम बेल या धंदेवाईक छायाचित्रकाराची नेमणूक केली, आणि त्याच सुमारास हेअरवुड रुग्णालयातील शल्यवैद्य रीड बाँटेकू हाही जखमी सैनिकांची चित्रे घेत होता. त्या चित्रांत जखम उघडी करून दाखविणारा सैनिक असतो. हातात त्याच्या नावाची पाटीही कित्येकदा असते. त्या नावाला किंमत होती, कारण अशा चित्रांचा उपयोग पुढे निवृत्तिवेतनाच्या दाव्यात पुरावा म्हणून झाला. जखमेच्या चित्राशी जखमी माणसाचे काही हितसंबंध जुळले की त्याचे नाव पाटीवर येते. साल्पेत्रिएरमधील दरिद्री मुलीला निवृत्तिवेतन कोण देणार होते?

शार्कोवर असा आक्षेप येऊ लागला होता की त्याने वर्णिलेली व्याधी साल्पेत्रिएरबाहेर कोठे आढळत नाही, ती त्यानेच निर्माण केली आहे. त्याचे त्याने दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे: आपण केवळ छायाचित्रकार आहोत, जे दिसते ते नोंदतो, अशा अर्थाचे ते उत्तर होते. भाषेच्या दृष्टीने हे उत्तर विलक्षण म्हटले पाहिजे. ‘छायाचित्रकार’ हा शब्द येथे एका धंद्याचे नाव राहिलेला नाही. ‘ज्याला स्वतःचे मत नाही असा साक्षीदार’ असा त्याचा अर्थ झालेला आहे. दुशेनने याच्या नेमके उलट सांगितले होते. ज्याला मत नाही त्याला दिसतही नाही, हा त्याचा अनुभव होता. एकाच शहरात, एका पिढीच्या अंतराने, एकाच शब्दाला दोन विरुद्ध अर्थ येऊन चिकटले, आणि शार्को तर दुशेनला आपला गुरू मानीत असे.

या पार्श्वभूमीवर आल्बेर लोंद (१८५८–१९१७) याची नेमणूक पाहिली पाहिजे. १८८२ मध्ये, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, तो साल्पेत्रिएरचा छायाचित्रकार झाला आणि १८८४ मध्ये तेथील छायाचित्रण विभागाचा प्रमुख. तो डॉक्टर नव्हता. रसायनशास्त्र व छायाचित्रण हे त्याचे विषय होते. रेन्यारपर्यंत चालत आलेली ‘छायाचित्र घेणारा डॉक्टर’ ही परंपरा त्याच्यापाशी खंडित झाली, आणि रुग्णालयाला आपला स्वतःचा, पूर्णवेळ, धंद्याने छायाचित्रकार असलेला मनुष्य मिळाला. तोपर्यंत तंत्रही बदलले होते. जिलेटिनच्या कोरड्या काचा बाजारात आल्या होत्या. त्या आधीच तयार करून ठेवता येत आणि सेकंदाच्या अंशात चित्र उमटे. बूर्नव्हिलची वेळेची अडचण अशा रीतीने दोन्ही बाजूंनी सुटली.

लोंदने काम मोठ्या निष्ठेने केले. काचेचे छप्पर असलेली चित्रशाळा, चौथरा, पडदे, ज्यांना उभे राहता येत नाही अशा रोग्यांना आधार देणारी साधने, काळ्या खोल्या, अशी सर्व व्यवस्था त्याने लावली. हालचालींच्या अभ्यासासाठी त्याने १८८३ मध्ये नऊ भिंगांचे एक यंत्र योजिले. भिंगे वर्तुळाकार मांडलेली होती आणि ती विजेच्या साहाय्याने एकामागून एक उघडत. नंतर १८९१ च्या सुमारास बारा भिंगांचे यंत्र आले, त्यात चार चार भिंगांच्या तीन रांगा होत्या. दोन चित्रांमधील अंतर चालविणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे कमीअधिक करता येई. मायब्रिज याने १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात घोड्याच्या चालीसाठी अनेक यंत्रे ओळीने मांडली होती. परंतु रोगी काही शर्यतीच्या वाटेने धावत नाही, तो एका जागी राहून कंप पावतो, म्हणून लोंदने अनेक भिंगे एकाच यंत्रात आणली. छायाचित्रकाराने रोग समजून घेऊन आपले साधन बदलल्याचे हे उत्तम उदाहरण आहे, आणि दुशेनची अट येथे प्रथमच एका अ-वैद्याने पुरी केलेली दिसते.

१८८८ मध्ये ‘नूव्हेल इकोनोग्राफी द ला साल्पेत्रिएर’ हे नियतकालिक सुरू झाले. शार्कोच्या मार्गदर्शनाखाली ते चालविणाऱ्यांत रिशे, जिल द ला तूरेत आणि लोंद अशी तीन नावे मुखपृष्ठावर आली. ज्याच्याकडे वैद्यकाची पदवी नाही अशा माणसाचे नाव डॉक्टरांच्या ओळीत छापले जाणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. १८९३ मध्ये त्याने वैद्यकीय छायाचित्रणावर जो ग्रंथ लिहिला त्याला शार्कोची प्रस्तावना आहे. छायाचित्राची काच ही शास्त्रज्ञाची खरी दृष्टिपटल होय, या त्याच्या विधानाचा पुढे पुष्कळ बोलबाला झाला. विधान आकर्षक आहे यात शंका नाही. परंतु दृष्टिपटल पाहत नसते. कोणत्या रोग्याला चित्रशाळेत आणावयाचे, बारा क्षणांपैकी कोणता छापावयाचा आणि त्याला काय नाव द्यावयाचे, हे निर्णय डॉक्टरांचेच राहिले. लोंदला मान मिळाला, साधने मिळाली, स्वतःची खोली मिळाली. लेखणी मिळाली ती यंत्रांविषयी लिहिण्यापुरती.

शिवाय, चित्रे एकदा भिंतीवर लागली की ती नुसती नोंद राहत नाहीत. आंद्रे ब्रुये याने १८८७ मध्ये शार्कोच्या व्याख्यानाचे जे भव्य तैलचित्र रंगविले त्यात ब्लांश व्हिटमान ही रोगीण मागे झुकलेली दिसते, आणि तिच्या समोरच्या बाजूस, श्रोत्यांच्या पाठीमागे, रिशेने काढलेले कमानीसारख्या वाकलेल्या देहाचे चित्र टांगलेले आहे. श्रोत्यांची त्या चित्राकडे पाठ आहे. ते दिसू शकते फक्त तिला. ब्रुयेने हे जाणूनबुजून केले असो वा नसो, जे काय घडायचे ते रोगिणीपुढे आधीच मांडलेले होते, हा नांसी येथील बर्नहाइमचा आक्षेप याहून सोप्या रीतीने सांगता येणार नाही. हिस्टेरियाच्या ठरीव अवस्था या सूचनेचा परिणाम होत, असे तो १८८० नंतरच्या दशकात सांगत होता. १८९३ मध्ये शार्को वारला, आणि १९०१ मध्ये त्याचाच शिष्य बाबिन्स्की याने जे सूचनेने उत्पन्न होते व समजावण्याने नाहीसे होते तेच हिस्टेरिया, अशी व्याख्या करून गुरूच्या इमारतीचा पायाच काढून घेतला.

यामुळे त्या चित्रांचे भवितव्य विचित्र झाले. ज्यांना मथळ्याचा आधार लागत होता, म्हणजे समाधी, हाक व विनवणी यांची चित्रे, ती वैद्यकाच्या पुस्तकांतून निघून गेली. पुढे कलावंत, साहित्यिक आणि इतिहासकार यांनी ती उचलली, आणि १९८२ मध्ये जॉर्ज दिदी-युबेरमान याने तर शार्कोच्या हिस्टेरियाचा ‘शोध’ हा याच चित्रांतून कसा लागला यावर एक विख्यात ग्रंथ लिहिला. याउलट स्नायूंचा क्षय, हातापायांची अवाजवी वाढ, वाकडी पावले, चालण्यातील दोष यांची लोंदच्या यंत्राने घेतलेली चित्रे फारशी गाजली नाहीत. परंतु मथळा झाकला तरी त्यांतील व्याधी ओळखता येते. पियेर मारी याने १८८६ मध्ये वर्णन केलेल्या आक्रोमेगालीसारखे रोग नियतकालिकात जसजसे अधिक येऊ लागले तसतसे त्याचे स्वरूपही पालटत गेले. उत्तम छायाचित्रकार नेमल्याचा खरा लाभ रुग्णालयाला झाला तो येथे. ज्या विषयासाठी त्याला मुख्यतः नेमले होते तेथे तो झाला नाही.

१८९५ च्या अखेरीस राँटगेनचा शोध जाहीर झाल्यावर साल्पेत्रिएरमध्ये क्ष-किरणांची प्रयोगशाळा उभारण्याचे काम ओघानेच लोंदकडे आले, आणि १८९८ मध्ये त्या विषयावरही त्याने एक व्यावहारिक ग्रंथ लिहिला. या नव्या काचांवर चेहराच नव्हता, त्यामुळे भावांना नावे देण्याचा प्रश्नही उद्भवला नाही.

ओग्युस्तीन तेव्हा तेथे नव्हती. तिची प्रकृती सुधारली असे वाटून तिला काही काळ रुग्णालयातच परिचारिकेचे काम देण्यात आले होते; पुढे झटके पुन्हा सुरू झाले आणि तिला कोठडीत ठेवण्यात येऊ लागले. १८८० मध्ये ती पुरुषाचा वेष करून साल्पेत्रिएरमधून निसटली. तिसऱ्या खंडात बूर्नव्हिलने या घटनेची नोंद केली आहे. त्या वेषातील तिचे चित्र अर्थातच कोणी घेतलेले नाही.